जबलपूरची डिसायपल्स मंडळी आणि बाप्टिस्ट परंपरा : एक ऐतिहासिक आढावा

नर्मदेच्या खोऱ्यातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जीवनात बाप्टिस्ट विश्वासाची मुख्य तत्त्वे रुजली, ती प्रामुख्याने ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ या अमेरिकन मंडळींच्या कार्यातून. या मंडळींनी बाप्टिस्ट हे नाव कधी धारण केले नाही. तरीही त्यांचा उगम, त्यांचा बाप्तिस्म्याचा विधी आणि स्थानिक मंडळीच्या स्वातंत्र्याविषयीची त्यांची आस्था या तिन्ही गोष्टी बाप्टिस्ट परंपरेशी इतक्या निकटच्या आहेत की जबलपूरमधील या परंपरेचा इतिहास डिसायपल्स मंडळीपासून वेगळा काढून लिहिता येत नाही. त्यासाठी आधी बाप्टिस्ट कोणाला म्हणतात, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याच्या विधीने होणारा ख्रिस्ती मंडळीतील प्रवेश. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट अशा बहुतेक परंपरांमध्ये ख्रिस्ती आईवडिलांच्या तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा दिला जातो, आणि मूल जाणते झाल्यावर आपला विश्वास स्वतःच्या मुखाने कबूल करते. या दुसऱ्या विधीला दृढीकरण म्हणतात. सतराव्या शतकाच्या आरंभी काही इंग्रज धर्मसुधारकांनी ही पद्धत नाकारली. जॉन स्मिथ यांनी 1609 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे अशी मंडळी स्थापन केली आणि थॉमस हेल्विस यांनी काही वर्षांतच ती परंपरा लंडनला आणली. विश्वास ही ज्याची त्याने स्वतः करावयाची गोष्ट असल्यामुळे जो स्वतः विश्वास ठेवतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, तो शक्यतो पाण्यात पूर्ण बुडवून द्यावा, आणि अशा विश्वासणाऱ्यांच्या स्थानिक मंडळीवर राजसत्तेचा वा वरिष्ठ धर्माधिकाऱ्याचा हुकूम चालू नये, असे या परंपरेचे म्हणणे पुढे स्थिर झाले. नागरी जीवनात ज्याला आज धर्मस्वातंत्र्य म्हणतात त्याचा एक जुना झरा येथे आहे, ही गोष्ट या परंपरेकडे केवळ विधीच्या वादातून पाहणारे अभ्यासक पुष्कळदा विसरतात.

भारतात ही परंपरा विल्यम कॅरे यांच्याबरोबर आली. इंग्लंडमधील केटरिंग येथे 1792 मध्ये बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, कॅरे 1793 मध्ये कलकत्त्यास उतरले, आणि 1800 मध्ये जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांच्यासह त्यांनी हुगळीकाठच्या, त्या काळी डॅनिश सत्तेखाली असलेल्या श्रीरामपूर येथे आपले ठाणे केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस कृष्ण पाल या सुताराचा आणि कॅरे यांचा मुलगा फेलिक्स याचा बाप्तिस्मा हुगळीच्या पात्रात एकाच दिवशी झाला. मिशनऱ्याचा मुलगा आणि बंगालमधील कारागीर यांना एकाच नदीत, एकाच कबुलीवर उतरावे लागले, यात या परंपरेचे सार दिसून येते. कारण ख्रिस्ती घरात जन्म झाला एवढ्यावरून फेलिक्सला मंडळीचा सभासद मानण्यात आलेले नव्हते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने श्रीरामपूरचे महत्त्व आणखी वेगळे आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या कॅरे यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले, 1810 मध्ये मोडी लिपीचा वापर केलेला मराठी–इंग्रजी कोश काढला आणि 1811 मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. या ग्रंथांतील मराठी पुण्याकडील वाचकांना परकी वाटे, कारण तिच्यावर नागपूरकडील बोलीची छाया होती. परंतु ज्या काळात ही पुस्तके श्रीरामपूरच्या छापखान्यात जुळवली जात होती त्या काळात जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. नर्मदेच्या खोऱ्याचा हा भाग भोसल्यांकडे 1798 मध्ये आला आणि 19 डिसेंबर 1817 च्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती गेला. मराठी राज्याचा दरबारी व्यवहार मोडीत चालत असे. म्हणजे बाप्टिस्टांची मराठी पुस्तके ज्या प्रकारच्या मराठी वाचकासाठी तयार झाली, तसा वाचक त्या वेळी पुण्यापेक्षा नागपूरच्या राज्यात अधिक होता. बाप्टिस्ट आणि हा प्रदेश यांचा पहिला संबंध असा मंडळीच्या स्थापनेपूर्वी, ग्रंथांच्या मार्गाने जुळतो.

मग महाराष्ट्रात आणि मध्य प्रांतात बाप्टिस्ट मंडळ्या बंगाल, आंध्र किंवा ईशान्य भारताप्रमाणे का वाढल्या नाहीत, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचे एक उत्तर 1812 सालातील कलकत्त्याच्या घटनांमध्ये सापडते. अमेरिकेतून त्या वर्षी भारताकडे निघालेले पहिले मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे होते. त्यांपैकी अ‍ॅडोनिरम जडसन यांनी जहाजावर नव्या कराराचा अभ्यास करताना आपले मत बदलले आणि सप्टेंबर 1812 मध्ये कलकत्त्याच्या लालबाजार येथील बाप्टिस्ट प्रार्थनामंदिरात पत्नी अ‍ॅनसह बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्यांचे सहकारी ल्यूथर राइस यांनीही काही आठवड्यांनी तोच मार्ग धरला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. ज्यांनी मत बदलले नाही त्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबई गाठली आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. एकाच तुकडीतील माणसे बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर दोन वाटांनी गेली. त्यांतील बालबाप्तिस्म्याची वाट मुंबई, अहमदनगर, सोलापूर या मराठी मुलखात आली. त्यात 1845 पासून नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांचे स्कॉटिश मिशन आले, तेही प्रेस्बिटेरियन. मराठी प्रॉटेस्टंट समाजाला बालबाप्तिस्मा आणि दृढीकरण हाच स्वाभाविक क्रम वाटतो, त्याचे मूळ येथे आहे.

जबलपुरातही आरंभ अँग्लिकनांनीच केला. इंग्रजी छावणीच्या गरजेतून इंग्रजी उपासना आधीच सुरू होती. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने देशी लोकांमध्ये काम सुरू केले आणि पुढे त्याच संस्थेने मंडला भागातील गोंडांमध्ये कार्य वाढविले. अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांचा सांधा 1870 मध्ये जबलपूर येथे जुळला, तेव्हा मुंबई–कलकत्ता हा लोहमार्ग पूर्ण झाला. रेल्वेबरोबर इंग्रज, अँग्लो-इंडियन, गोवेकर, मद्राशी आणि मराठी नोकरवर्ग शहरात आला आणि मेथॉडिस्टांचे काम त्या दशकात वाढीस लागले.

येथे मिशनांमधील क्षेत्रवाटपाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. एकाच जिल्ह्यात दोन मिशनांनी परस्परांचे सभासद ओढू नयेत यासाठी प्रॉटेस्टंट मिशने आपापसांत जिल्हे वाटून घेत. त्यामुळे जबलपूरच्या भोवती, आगगाडीने एका दिवसात जाता येईल एवढ्या परिघात, बाप्तिस्म्याविषयीची जवळजवळ सर्व मते एकेका जिल्ह्यात नांदत होती. मंडल्यास अँग्लिकन आणि नरसिंहपुरास मेथॉडिस्ट बालबाप्तिस्मा देत. हरदा, दमोह आणि बिलासपूर येथे डिसायपल्स केवळ जाणत्या विश्वासणाऱ्यास बुडवून बाप्तिस्मा देत. धमतरीस 1899 पासून आलेले मेनोनाइट जाणत्यालाच, परंतु पाणी ओतून बाप्तिस्मा देत. आणि होशंगाबादचे क्वेकर पाण्याचा विधीच मानीत नसत. शेतकरी कुटुंबातील ख्रिस्ती मुलगी लग्न होऊन शेजारच्या जिल्ह्यात गेली की तिच्या बाप्तिस्म्याच्या वैधतेचा प्रश्न उभा राहू शके. युरोप-अमेरिकेतील तीन शतकांचे वाद भारतीय ख्रिस्ती कुटुंबांच्या वाट्याला असे जिल्हानिहाय आले, आणि त्यांत त्या कुटुंबांची निवड कोणी विचारली नव्हती, हे नमूद करणे न्याय्य होईल.

डिसायपल्सचे बाप्टिस्टांशी असलेले नाते केवळ साम्याचे नाही, उत्पत्तीचे आहे. टॉमस कॅम्पबेल आणि त्यांचा मुलगा अलेक्झांडर हे आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेले प्रेस्बिटेरियन. पंथभेद सोडून नव्या कराराच्या साध्या नमुन्यावर सर्व ख्रिस्ती लोकांनी एक व्हावे, असे आवाहन टॉमस यांनी 1809 मध्ये केले. अलेक्झांडर यांच्या घरी 1812 मध्ये पहिले अपत्य जन्मले, तेव्हा त्याला बाप्तिस्मा द्यावा की नाही हा प्रश्न त्यांना घरातच पडला; अभ्यासान्ती बालबाप्तिस्म्यास आधार नाही अशी त्यांची खात्री झाली आणि त्याच वर्षी मॅथायस ल्यूस या बाप्टिस्ट उपदेशकाच्या हातून त्यांनी ओढ्याच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. पुढे कॅम्पबेल यांची मंडळी बाप्टिस्ट संघात सामील झाली आणि 1830 च्या सुमारास तेथून बाहेर पडली. विभक्त होण्याची कारणे सूक्ष्म असली तरी महत्त्वाची आहेत. बाप्टिस्टांच्या मते बाप्तिस्मा हा आधीच मिळालेल्या तारणाची साक्ष असतो, तर डिसायपल्स त्याला पापक्षमेशी अधिक थेट जोडतात. डिसायपल्स कोणतेही लिखित मतपत्र सभासदत्वाची अट म्हणून मानीत नाहीत. आणि प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, ते दर रविवारी करतात.

या मंडळींची पहिली तुकडी 1882 मध्ये मुंबईस उतरली. तिच्यात जी. एल. व्हार्टन आणि अल्बर्ट नॉर्टन ही कुटुंबे होती, तशाच मेरी ग्रेबिएल, मेरी किंग्जबरी, अ‍ॅडा बॉइड आणि लॉरा किन्सी या चार अविवाहित स्त्रियाही होत्या. स्त्रियांनी 1874 मध्ये स्थापन केलेल्या आणि स्त्रियांनीच चालविलेल्या स्वतंत्र मंडळाने त्यांना पाठविले होते. आरंभीचा काही काळ वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे घालवून या तुकडीने हरदा हे ठिकाण निवडले. नॉर्टन लवकरच डिसायपल्सपासून वेगळे झाले आणि पुढे दौंड येथील त्यांच्या मुलांच्या आश्रमामुळे, तसेच पंडिता रमाबाईंच्या कार्याशी आलेल्या संबंधामुळे, महाराष्ट्राला परिचित झाले. बिलासपूरचे काम मात्र ग्रेबिएल, किंग्जबरी आणि बॉइड यांच्या हातून उभे राहिले. मध्य भारतातील मिशनांचा इतिहास पुरुषांच्या नावांनी लिहिला जातो. बिलासपूरपुरता तरी तो तसा लिहिणे चुकीचे आहे.

या मंडळ्यांना त्यांचे सामाजिक रूप दिले ते 1896–97 आणि 1899–1900 या दुष्काळांनी. दमोह येथे मुलांचे आणि महोबा येथे मुलींचे अनाथाश्रम उभे राहिले, आणि त्यांत वाढलेली मुले-मुली पुढच्या पिढीचे शिक्षक, परिचारिका, कारागीर, उपदेशक आणि मंडळीचे सभासद झाली. ज्याचे गाव, शेत आणि भाऊबंद दुष्काळात हरपले अशा माणसाला मंडळी हेच गोत झाले. त्याचा बाप्तिस्मा ही त्याची स्वतःची निवड होती की आश्रमाच्या अन्नाची परतफेड, असा प्रश्न टीकाकारांनी तेव्हाही केला आणि नंतरही. आणि ज्या परंपरेचा सारा भर स्वेच्छेवर आहे तिला तो प्रश्न टाळता येत नाही. परंतु त्याच मुलांची नातवंडे आज चौथ्या-पाचव्या पिढीत त्याच मंडळीत आहेत, आणि मिशनचे अन्न बंद झाल्यावरही त्यांनी मंडळी सोडली नाही, हेही तितकेच खरे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिसायपल्सनी आपले शिक्षणाचे आणि छपाईचे केंद्र म्हणून जबलपूरची निवड केली. हरदा, दमोह आणि बिलासपूर या तिन्ही दिशांकडून रेल्वेने पोहोचता येणारे हे शहर मध्यवर्ती होते. येथे उपदेशक घडविण्यासाठी बायबल कॉलेज निघाले आणि जी. डब्ल्यू. ब्राउन यांच्याकडे त्याची धुरा आली. उपदेशक म्हणजे गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगणारा पगारी कार्यकर्ता. त्याला बायबलबरोबरच हिंदू आणि मुस्लिम धर्मविचारांची ओळख असावी, असा या संस्थेचा आग्रह होता. ब्राउन स्वतः संस्कृतचे अभ्यासक होते. उपनिषदांतील मानवी देहाच्या कल्पनेवरील त्यांचा इंग्रजी प्रबंध 1921 मध्ये जबलपूरच्याच ख्रिश्चन मिशन प्रेसमध्ये छापला गेला. ज्या यंत्रांवर रविवारच्या शाळेचे हिंदी धडे आणि प्रचारपत्रके निघत, त्याच यंत्रांवर उपनिषदांतील प्राण, इंद्रिये आणि नाड्या यांची चर्चा करणारे पुस्तक निघाले. मिशनरी अभ्यासाविषयी एकाच रंगात बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे पुस्तक एकदा हाती घेणे उपयुक्त ठरेल.

अशा मंडळीतील बाप्तिस्म्याचा विधी कसा असतो, हे या परंपरेबाहेरील वाचकांसाठी सांगणे उचित होईल. उपासनामंदिरात वेदीच्या जागी साधे मेज असते आणि व्यासपीठाच्या खाली अथवा मागे, फळ्यांनी झाकलेले, कमरेइतक्या पाण्याचे कुंड असते; जेथे कुंड नसते तेथे नदी किंवा तलाव. उमेदवार साध्या, बहुधा पांढऱ्या कपड्यांत पायऱ्या उतरून पाण्यात येतो. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मोपदेशक, त्याला येशू हा ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहे असा तुझा विश्वास आहे काय, एवढे विचारतो. उमेदवाराच्या होकारानंतर पाळक एक हात त्याच्या पाठीशी आणि दुसरा त्याच्या जोडलेल्या हातांवर ठेवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला मागे झुकवून क्षणभर पूर्णपणे पाण्याखाली नेतो आणि लगेच उभा करतो. पाण्याखाली जाणे हे ख्रिस्ताबरोबर पुरले जाण्याचे आणि वर येणे हे नव्या जीवनाचे चिन्ह मानले जाते. कुटुंबातील तान्ह्या मुलासाठी बाप्तिस्म्याऐवजी समर्पणाची प्रार्थना होते, आणि ते मूल बारा-पंधरा वर्षांचे झाल्यावर स्वतः पुढे येते किंवा येत नाही. हे ‘किंवा’ आईवडिलांना जड जाते, पण या परंपरेचा प्राण त्यातच आहे.

मंडळीचा कारभार सभासदांनी निवडलेल्या वडिलांकडे आणि सेवकांकडे असतो. वडील शिक्षण व शिस्त पाहतात, सेवक दान, मदत आणि इमारतीची व्यवस्था पाहतात, आणि प्रभुभोजनाची प्रार्थना पाळकाऐवजी वडिलांनीच करण्याची डिसायपल्सची रीत आहे. जन्म, जात किंवा हुद्दा यांवरून ज्यांना गावच्या कारभारात कधी स्थान मिळाले नसते अशा माणसांनी दर रविवारी मेजाशी उभे राहून सर्वांच्या वतीने प्रार्थना करणे, हे या मंडळ्यांनी भारतीय समाजाला दिलेले मोठे शिक्षण होते.

या वातावरणात वाढलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन जगभरच्या मिशनविचारात प्रसिद्धी पावले. त्यांचा जन्म 15 डिसेंबर 1897 रोजी दमोह येथे झाला. वडील जॉन ग्राफ्टन मॅकगॅव्हरन डिसायपल्सचे मिशनरी होते. आई हेलन ही 1854 मध्ये बंगालमध्ये आलेल्या इंग्रज बाप्टिस्ट मिशनरी दांपत्याची, अँडरसन यांची, मुलगी होती. अशा रीतीने श्रीरामपूरची परंपरा आणि कॅम्पबेल यांची परंपरा एकाच घरात एकत्र आली. 1930 च्या दशकात मिशनचे चिटणीस म्हणून जबलपुरात काम करताना खर्च आणि श्रम यांच्या मानाने मंडळ्या फार हळू वाढत आहेत, असे त्यांना आढळले. व्यक्तीला तिच्या जातगोतातून तोडून मिशनच्या आवारात आणण्याऐवजी नातेसंबंध न तोडता समूहच्या समूह विश्वासाकडे यावेत, असा सिद्धांत त्यांनी 1955 च्या ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या ग्रंथात मांडला. या सिद्धांतात निरीक्षणाचे बळ आहे. परंतु जातीच्या सीमा सोयीच्या म्हणून स्वीकारण्याचा धोकाही त्यात आहे. निरनिराळ्या जातींच्या अनाथांमधून एक मंडळी घडविणाऱ्या दमोह-जबलपूरच्या जुन्या पिढीने जे कष्टाने साधले होते, त्याचे मोल या हिशेबात कमी धरले गेले.

स्वातंत्र्यानंतर धर्मांतराचा प्रश्न राज्याच्या विचाराधीन आला. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल 1956 मध्ये, नागपूर आणि जबलपूर अजून एकाच राज्यात असताना, प्रसिद्ध झाला, आणि 1968 च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य अधिनियमाने धर्मांतराचा विधी करणाऱ्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक केले. ज्या परंपरेत बाप्तिस्मा हा जाणत्या माणसाने सर्वांसमक्ष केलेला निर्णय असतो, तिला या कायद्याचा स्पर्श इतरांपेक्षा अधिक थेट झाला. मंडळ्यांचे लक्ष त्यानंतर आपल्याच घरांतील पुढच्या पिढीच्या शिक्षणाकडे अधिक वळले.

जबलपुरातच 1923 मध्ये मेथॉडिस्टांनी लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज सुरू केले आणि पुढे तेथे अनेक मंडळ्यांचे विद्यार्थी एकत्र शिकू लागले. हे महाविद्यालय श्रीरामपूरशी संलग्न आहे. श्रीरामपूर कॉलेजला डॅनिश राजाकडून 1827 मध्ये मिळालेल्या सनदेच्या आणि 1918 च्या कायद्याच्या बळावर तेथील सिनेट देशभरातील संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देते. त्यामुळे जबलपूरमधून पदवी घेणारा मेथॉडिस्ट वा अँग्लिकन पाळकही बाप्टिस्टांनी स्थापन केलेल्या संस्थेचा पदवीधर असतो.

एका वर्गात शिकलेल्यांनी वेगळ्या मंडळ्यांत का राहावे, हा विचार उत्तर भारतात 1929 पासून औपचारिक वाटाघाटींच्या रूपाने सुरू होता. त्यात सर्वांत अवघड गाठ बाप्तिस्म्याचीच होती. ऐक्ययोजनेने अखेर दोन्ही मार्ग समान मानले : बालबाप्तिस्मा आणि नंतर दृढीकरण हा एक, बालसमर्पण आणि नंतर विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हा दुसरा. ज्या पाळकाची सदसद्विवेकबुद्धी बालबाप्तिस्मा देऊ देत नाही त्याच्यावर सक्ती करू नये, दुसऱ्या पाळकाकडून तो विधी व्हावा, अशी मोकळीक ठेवण्यात आली. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने मोठेपणी पुन्हा बुडवून बाप्तिस्मा मागितला तर काय करावे, हा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटला नाही आणि आजही पाळकांना तो भेडसावतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा उत्तर भारतातील बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषद, डिसायपल्स, ब्रेदरन, अँग्लिकन, युनायटेड चर्च आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट अशा सहा प्रवाहांनी त्यात प्रवेश केला. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट या योजनेतून अवघे काही महिने आधी बाहेर पडले, म्हणून जबलपुरात आजही दोन मोठ्या प्रॉटेस्टंट व्यवस्था शेजारी शेजारी आहेत.

डिसायपल्सनी या ऐक्यासाठी मोठी किंमत मोजली. बिशप हे पद त्यांच्या परंपरेला परके होते आणि स्थानिक मंडळीचे स्वातंत्र्य हा त्यांचा वारसा होता. तरीही एकीचे जे आवाहन टॉमस कॅम्पबेल यांनी 1809 मध्ये केले होते त्याला स्मरून त्यांनी धर्मप्रांताची व्यवस्था स्वीकारली. मोबदल्यात विश्वासणाऱ्याच्या बाप्तिस्म्याला संपूर्ण चर्चमध्ये समान मान मिळाला. हा सौदा योग्य होता. मिशनच्या मालमत्तांवरून पुढे ठिकठिकाणी जे वाद झाले ते दुःखद असले, तरी ते या तत्त्वाचे अपयश ठरत नाहीत.

या इतिहासाचा अमेरिकेतील आणि श्रीरामपूरमधील भाग तेथील अभिलेखागारांत सुरक्षित आहे. जबलपूरमधील भाग मात्र अजून कुटुंबांच्या पेट्यांत आणि मंडळ्यांच्या कपाटांत आहे : बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, वडिलांच्या सभांची इतिवृत्ते, अनाथाश्रमाचे दाखले, मिशन प्रेसच्या हिंदी पुस्तिका. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनी ते वाळवीच्या हवाली होऊ न देता त्यांच्या छायाप्रती आपल्या मंडळीकडे आणि लिओनार्ड महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात, अशी वाचकांना विनंती आहे.